आयरिस, मुंबईचा जानेवारी आणि कळलावी

ऑनलाइन मागवलेल्या आयरिसच्या पाकिटावर निळंजांभळं, दाढीवालं फूल असतं. मुंबईच्या बाल्कनीत त्या कंदाला तलवारीसारखी पानं फुटतात, दोन-दोन वर्षं फुटतच राहतात, फूल काही येत नाही. मग सगळे मे महिन्याला बोल लावतात. खरा दोषी जानेवारी. कळी धरायला या आयरिसला कित्येक आठवडे सलग थंडी लागते. मुंबईचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचा.

त्यातूनही तगलंच, तर पुढे जून आहे. आल्यासारख्या आडव्या कंदाची पाठ उन्हात उघडी राहावी लागते. ती ओली राहिली की जिवाणूंची मऊकुज शिरते. अंगठ्याने दाबलं तर साल जागेवर राहते आणि आतला गर लापशीसारखा बाहेर येतो, वास तर नाक धरायला लावणारा. ही बुरशी नव्हेच, त्यामुळे बुरशीनाशकावरचे पैसे वाया. घट्ट, पांढरा गर लागेपर्यंत कापायचं, प्रत्येक कापानंतर चाकू स्पिरिटने पुसायचा आणि कंद उन्हात वाळवायचा.

उकाडा आणि ओल दोन्ही सोसणारी मंडळी म्हणजे लुईझियाना आयरिस, मिसिसिपीच्या मुखाजवळच्या दलदलीतली. बारा इंची कुंडी, आम्लधर्मी माती (चुना अजिबात नको), कंद दोन-तीन सेंटीमीटर खोल, अर्धा दिवस ऊन आणि खाली पाण्याचा टब. टबात गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतील. तिकडेही थोडा हिवाळा असतोच, तेव्हा मुंबईत फुलांचा सडा पडेल म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका.

या आयरिसच्या पाकळ्या पातळ, उन्हाने लवकर मान टाकणाऱ्या. त्यावर सापडलेल्या उपायाचं नातं थेट आपल्या पावसाळी रानातल्या कळलावीशी आहे. घरात आणली तर भांडणं लागतात म्हणून लोक तिला हात लावत नाहीत. भांडणं लावायला माणसं पुरेशी असतात. भ्यायचं तर तिच्या विषाला भ्यावं. त्या विषातला मुख्य पदार्थ कोल्चिसिन.

पेशी विभागताना आधी गुणसूत्रांच्या प्रती निघतात, मग तुर्कतंतू त्या दोन टोकांना ओढून नेतात. हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक चढून बनतात. कोल्चिसिन त्या विटेलाच चिकटतं आणि तंतूची बांधणी थांबते. प्रती निघालेल्या, पण ओढणारं कोणी नाही. पेशी न विभागताच पुढे जाते आणि ४२ गुणसूत्रांच्या जागी ८४ घेऊन बसते. अशा चौगुणित, म्हणजे २१ चे दोनऐवजी चार संच असलेल्या झाडाच्या पाकळ्या जाड, दांडा दणकट. लुईझियानातले जोसेफ मर्ट्झवायलर यांनी अशी रोपं घडवली. त्यांचे ‘प्रोफेसर’ नावाचे वाण आयरिसवाल्यांना ठाऊक आहेत.

यात बरीचशी रोपं मरतात. उरलेली फसवतात, कारण शेंड्याच्या पेशींचे तीन थर असतात आणि दुप्पट होतो तो बहुधा एखादाच. बाहेरचा थर बदलला तर पर्णरंध्रं मोठी दिसतात, पण पराग तयार होतो दुसऱ्या थरातून. म्हणून पान बघून हुरळायचं नाही, सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांचा आकार मोजायचा. तो वाढला असेल तरच संकराला अर्थ. तेही ८४ वाल्याशीच. ४२ शी केला तर संततीत ६३ येतात, २१ चे तीन संच. जोड्या लागताना एक संच उपरा राहतो आणि रोप बहुतेक वांझ निघतं. हा प्रयोग घरी नको, कोल्चिसिन माणसाच्या पेशींनाही सोडत नाही.

बाल्कनीसाठी माझी पसंती आयरिस डोमेस्टिकाला. नारिंगी पाकळ्यांवर लाल ठिपके, शेंग फुटली की आत तुतीसारखा काळ्या चकचकीत बियांचा घोस. पूर्वी ही बेलमकांडा म्हणून वेगळी मानली जाई; डीएनए पाहून २००५ मध्ये आयरिसमध्ये आली. फूल उन्हाळी, त्यामुळे जानेवारीशी वैर नाही. निचरा मात्र हवा: मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू.

आयरिस डायकोटोमा या दुसऱ्या जातीशी हिचा संकर सहज जमतो. दोघींची गुणसूत्रं ३२, विषाची गरज नाही. अडचण फक्त वेळेची. डोमेस्टिका सकाळी उमलते, डायकोटोमा दुपार कलल्यावर. म्हणून सकाळचे परागकोश चिमट्याने काढून कोरड्या डबीत सावलीला ठेवायचे. डायकोटोमाची कळी उलगडू लागली की आधी तिचे तीन परागकोश खुडायचे, मग डबीतला पराग कुक्षीवर टेकवायचा आणि देठाला खुणेचा दोरा बांधायचा. तोवर डोमेस्टिकाचं सकाळचं फूल पिळलेल्या फडक्यासारखं मिटायला लागलेलं असतं.