यमुनोत्रीच्या कुंडात भात शिजतो, मग डाळ का नाही?

जानकीचट्टीपासून यमुनोत्री पाच-सहा किलोमीटरच आहे, पण चढ असा की वर पोचलो तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं, आणि आई घोड्यावरून आलेली त्यामुळे एकदम फ्रेश. तिने लगेच फडक्यात बांधलेली तांदळाची पोटली घेतली आणि सूर्यकुंडात, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्याच्या कुंडात सोडली, दोरी हातात धरून. बाजूला दोन जण बटाटे शिजवत होते. इथला प्रसादच हा. थोड्या वेळाने पोटली वर काढली, वाफा येतायत, दाणा दाबून बघितला तर शिजलेला, जरा टणक पण शिजलेला. आणि आई म्हणाली, "मग लोक डाळ का नाही टाकत रे?"

प्रश्न भारी आहे.

यमुनोत्री साधारण ३,३०० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशच असतो, त्यामुळे पाणी १०० ला नाही, ८९-९० अंशांनाच उकळतं. सूर्यकुंडाचं तापमान ८८ च्या आसपास सांगतात, म्हणजे ते पाणी तिथे जितकं तापू शकतं जवळपास तितकं तापलेलंच आहे. जमिनीखाली ते याहून गरम असेलही, कारण तिथे दाब जास्त, पण वर येताना दाब कमी होतो, पाणी उकळायला लागतं आणि जादाची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. म्हणून उघड्या कुंडात ९० च्या वर जायचा चान्सच नाही.

आता तांदूळ. त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो तो साधारण ६५ ते ७५ अंशांना, जातीप्रमाणे थोडं कमीजास्त. बटाट्याचंही तसंच. म्हणजे ८८ अंश त्यांना भरपूर झाले. डाळीची भानगड वेगळी, तिच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात आणि ते विरघळल्याशिवाय डाळ गळत नाही, त्याला वेळ पण लागतो आणि चांगली उष्णता पण. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग निम्म्यावर येतो. त्यात पाण्यात कॅल्शियम असेल तर पेक्टिन अजूनच घट्ट होतं. म्हणजे डाळ अजिबात शिजणार नाही असं नाही, पण दोरी धरून कोण किती वेळ बसणार!

हिमाचलात मणिकरणलाही गरम कुंडात भात करतात, पण ते ठिकाण १,७०० मीटरच्या आसपास, तिथे पाण्याला ९४ पर्यंत तापता येतं.

बरं, हे तापवतं कोण? आमच्या पुढच्या काकांना खात्री होती की खाली ज्वालामुखी आहे. नाहीये. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांमधून खूप खोल झिरपतं, आणि जमिनीत दर किलोमीटरला तापमान सहसा २५-३० अंशांनी वाढतं. हिमालयात याहून जास्तच, कारण भारताची प्लेट अजून उत्तरेला ढकलत्येय, डोंगर वर येतायत, वरचा थर झिजून जातोय आणि खालचे गरम खडक थंड व्हायच्या आत वर सरकतायत. मग मोठ्या भ्रंशाजवळच्या, म्हणजे खडकांचे थर तुटून सरकलेत त्या जागेजवळच्या फटींतून ते पाणी झटकन वर येतं, वाटेत गार व्हायला वेळच मिळत नाही. बद्रीनाथचं तप्तकुंड, गंगनानी, सगळे याच पट्ट्यातले झरे. आणि गंमत म्हणजे सूर्यकुंडापासून काही पावलांवर यमुना वाहते, बोट घातलं की बधिर.

उतरल्यावर जानकीचट्टीत जेवायला थांबलो. ढाबेवाल्याचा कुकर आत ११५ अंशांपर्यंत जात असणार, शिट्टीच्या वजनामुळे वाफ कोंडते म्हणून. मी आईला हे सगळं समजावत होतो, तिचं लक्ष नव्हतं. ओली पोटली मांडीवर धरून ती शिट्ट्या मोजत होती.

"सात झाल्या," ती म्हणाली. "आपल्याकडे तीनात होते."