एका अक्षराने वर्ष बदलतं

२९ डिसेंबर २०१४. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले, म्हणजे ग्रीनिचच्या हिशेबाने मध्यरात्र झाली, आणि अँड्रॉइड फोनवर ट्विटर वापरणारे असंख्य लोक आपोआप लॉगआउट झाले. पुन्हा आत शिरताही येईना. ट्विटरचा सर्व्हर पाठवत असलेल्या तारखेत दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता, वर्ष मात्र २०१५ होतं.

सर्व्हरचं घड्याळ बिघडलेलं नव्हतं. बहुतेक संगणक वेळ एका आकड्यात साठवतात: १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले तो आकडा. त्या पहाटे तो १४१९८११२०० होता, आणि अगदी बरोबर होता. घोळ झाला तो या आकड्याची माणसाला वाचता येईल अशी तारीख करताना. लीप वर्षं, ३० आणि ३१चे महिने ही कटकट प्रोग्रामर सहसा स्वतःच्या डोक्यावर घेत नाही. ती लायब्ररीवर, म्हणजे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेल्या कोडवर सोपवतो. आपण फक्त नमुना द्यायचा: इथे दिवस, इथे महिना, इथे वर्ष. नमुना अक्षरांत लिहितात, आणि गंमत या अक्षरांतच आहे.

सी या प्रोग्रामिंग भाषेच्या पद्धतीत टक्क्याच्या चिन्हापुढे कॅपिटल वाय लिहिलं की साधं वर्ष मिळतं. कॅपिटल जी लिहिलं तर मिळतं ‘आठवड्याचं वर्ष’. युरोपात कामाचं नियोजन अनेकदा आठवड्यांच्या क्रमांकांवर चालतं, त्यांच्यासाठी ही सोय. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो त्या वर्षाचा पहिला आठवडा. १ जानेवारी २०१५ला गुरुवार होता. म्हणून सोमवार, २९ डिसेंबर २०१४ हा दिवस आठवड्यांच्या हिशेबात २०१५चा झाला. नियम चोख आहे. फक्त ते वर्ष साध्या दिवस-महिन्याशेजारी नेऊन बसवायचं नसतं. असा दोष वर्षभर झोपलेला असतो, जूनमध्ये कितीही चाचण्या घ्या, सापडणार नाही. कधी तो उलटाही फिरतो: १ जानेवारी २०२७ला शुक्रवार येतो, त्यामुळे चुकीचं अक्षर वापरलेला प्रोग्राम त्या दिवशी २०२६ छापेल.

जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हीच अक्षरं वेगळी. तिथे स्मॉल वाय म्हणजे साधं वर्ष आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं. म्हणजे सीमध्ये जे बरोबर, तेच जावामध्ये चूक! एमची तीच कथा. जावामध्ये कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिट. सीमध्ये नेमकं उलट. जावामध्ये महिन्याच्या जागी स्मॉल एम टाकलं, तर १५ ऑगस्टला दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी निघालेल्या पावतीवर १५/०७ येतं. २ वाजून ४५ मिनिटांनी १५/४५ आलं असतं आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. १५/०७ मात्र खपून जातं.

नमुन्याइतकाच भाषेचा प्रश्न असतो. कोणत्या भाषेत महिन्यांची नावं काय, अंक कोणते, स्वल्पविराम कुठे, याची मोठी कोष्टकं युनिकोड या संगणकातल्या लिप्यांचं मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या सीएलडीआर या प्रकल्पात आहेत, आणि बहुतेक फोन व ब्राउझर तीच वापरतात. त्यात हिंदीसाठी आपोआप येणारे अंक इंग्रजी ठेवलेत, मराठीसाठी देवनागरी. म्हणून फोनची भाषा मराठी केली की तारीख ‘१५ ऑगस्ट, २०२४’ अशी दिसते. छान दिसते, पण तीच मजकूर म्हणून सर्व्हरकडे गेली तर? पायथन ही प्रोग्रामिंग भाषा देवनागरी ‘२०२४’ला बिनतक्रार आकडा मानते. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्याच चार अंकांना ‘हा आकडाच नाही’ म्हणून परत पाठवते. मग फॉर्म अडतो, आणि मराठीत फोन वापरणाऱ्याला सल्ला मिळतो की भाषा इंग्रजी करून बघा. हा शुद्ध आळस आहे. पडद्यावर देवनागरी दाखवावी आणि यंत्राकडून यंत्राकडे जाणारी तारीख आयएसओच्या ठरलेल्या रूपात, इंग्रजी अंकांत पाठवावी. दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदतात.

तारखेइतकीच घड्याळाची वेळही फसवी असते. कोणत्या प्रदेशात कधी कोणती प्रमाणवेळ होती याची नोंद आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या टीझेड डेटाबेसमध्ये असते. भारतासाठी त्यात ‘एशिया/कोलकाता’ हा एकच विभाग आहे. दुसऱ्या महायुद्धात आपली घड्याळं तासभर पुढे केली होती, तेही त्यात नोंदलेलं आहे. मुंबईचा मात्र वेगळा विभाग नाही, कारण १९७०नंतर ज्यांची वेळ सारखीच आहे अशा जागांना तिथे सहसा स्वतंत्र विभाग मिळत नाही. पण मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ ही भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी वेळ १९५५पर्यंत चालू होती. १९३५ साली मुंबईत जन्मलेल्या आजोबांची जन्मवेळ प्रोग्रामला दिली, तर लायब्ररी ग्रीनिचपेक्षा साडेपाच तासांचा फरक धरून मोकळी होते. इशारा नाही, चूक दाखवणं नाही. पत्रिकेतलं लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं, तेव्हा ३९ मिनिटं काही थोडी नव्हेत. जन्मवेळ लिहिणाऱ्याने कुठल्या वेळेचं घड्याळ पाहिलं होतं, हे घरातल्या जुन्या माणसांनाच विचारावं लागतं.