पर्यटनाचा आराखडा आणि पर्यावरणाची तपासणी : मराठवाड्यापुरती पार्श्वभूमी

मराठवाड्यात एखाद्या तीर्थक्षेत्राचा किंवा लेण्यांचा विकास आराखडा मंजूर झाला की पहिली चर्चा होते ती निधीची. त्या आराखड्यामुळे डोंगराचं, नदीचं, आसपासच्या विहिरींचं काय होईल हे कायद्याने कोणी तपासायचं, हा प्रश्न मागेच राहतो. त्याचं मूळ शोधायचं तर ‘प्रकल्प’ आणि ‘आराखडा’ हे दोन शब्द नीट पाहावे लागतात.

निजामी राजवटीत, १९२०च्या सुमारास, इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. ते पुढे पिवळं पडलं आणि काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. हेतू जतनाचाच होता, पण परिणाम आधी तपासला गेला नाही.

१९८३ मध्ये अजिंठा-वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले. १९९२ मध्ये जपानच्या कर्जातून संवर्धन आणि पर्यटन विकासाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. लेण्यांचं संवर्धन, झाडं लावणं, रस्ते, पाणीपुरवठा, विमानतळ हे सगळं त्यात होतं. खासगी गाड्या अजिंठ्याअलीकडच्या फर्दापूरच्या टी पॉइंटलाच (लेण्यांकडे वळणाऱ्या फाट्यावर) थांबवायच्या आणि पुढचे काही किलोमीटर बसने जायचं, लेण्यांच्या पायथ्याची दुकानंही तिकडेच न्यायची, ही व्यवस्था याच कार्यक्रमातली. माझ्या मते पर्यटनाचा भार मोजून केलेलं मराठवाड्यातलं हे सर्वात शहाणं काम. २००३ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात मूळ लेण्यांतली गर्दी कमी व्हावी म्हणून प्रतिकृतींसह पर्यटक केंद्रं उभी राहिली. ती २०१३ मध्ये उघडली आणि काही वर्षांतच पाण्याच्या आणि विजेच्या थकबाकीपायी बंद पडली. भार कमी करण्यासाठी जे बांधलं, ते चालवायला रोज पाणी किती लागेल, याचा हिशेब कच्चा राहिला.

आता त्या दोन शब्दांकडे. कायदा तपासतो तो एकेक प्रकल्प, संपूर्ण आराखडा नव्हे. केंद्र सरकारच्या २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने यादीतल्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघात मूल्यमापन, म्हणजे परिसरावर काय परिणाम होईल हे आधी तपासणं, बंधनकारक झालं. त्या यादीत पर्यटनाचं नाव होतं, पण दोनच ठिकाणांसाठी : भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातले आणि १,००० मीटरपेक्षा उंचावरचे, पाच कोटींहून जास्त गुंतवणुकीचे प्रकल्प. मराठवाड्याला समुद्र नाही आणि बालाघाटाची पठारं हजार मीटरच्या खालीच आहेत. म्हणजे तुळजापूर, परळी, औंढा यांना ही तरतूद कधी लागूच नव्हती.

१४ सप्टेंबर २००६च्या नव्या अधिसूचनेने तर ‘पर्यटन प्रकल्प’ हा वेगळा प्रकारच काढून टाकला. रोपवे आणि विमानतळ यादीत राहिले. हॉटेल, भक्तनिवास, संकुल हे सगळं ‘इमारत व बांधकाम’ या सदरात गेलं आणि उंबरठा ठरला २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राचा. त्याहून लहान बांधकामाला पर्यावरण मंजुरीची गरज नाही. दीड लाख चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला मंजुरी लागते, पण सविस्तर अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. ‘बांधीव क्षेत्र’ म्हणजे काय यावर इतका घोळ झाला, की २०११ मध्ये तळघर आणि सेवाक्षेत्रं धरून व्याख्या पुन्हा लिहावी लागली.

या बदलाचं समर्थन ऐकायला मिळतं : पर्यटन म्हणजे शेवटी बांधकामच, मग वेगळी नोंद कशाला? मला हे पटत नाही. घरात राहणाऱ्यांची संख्या साधारण ठरलेली असते, तर नवरात्रात तुळजापुरात उसळणारी गर्दी चौरस मीटरमध्ये मोजता येत नाही. शिवाय आराखडा कधी एका इमारतीचा नसतो. रस्ता, वाहनतळ, घाट, स्वच्छतागृहं, भक्तनिवास अशी त्याची वेगवेगळी कामं निघतात. प्रत्येक काम उंबरठ्याच्या आत बसतं आणि एकत्रित भार कुणाच्याच टेबलावर येत नाही. संपूर्ण आराखड्याचं आधी मूल्यमापन करा, असं सांगणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा प्रदेशात ही त्रुटी कागदावरची उरत नाही.

२००६ची अधिसूचना बदलण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मसुद्यावर देशभर हरकती आल्या. त्यातला जोर जनसुनावणी कमी करण्यावर आणि काम आधी करून मंजुरी नंतर घेण्यावर होता. पर्यटनाचा आराखडा त्या चर्चेत जवळपास आलाच नाही.

एक अपवाद मात्र पैठणजवळच सापडतो. जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, म्हणजे नाथसागराला, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जुलै २०१७ मध्ये त्याभोवती ५०० मीटरचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. अशा क्षेत्रांसाठी पर्यटनाचा आराखडा विभागीय आराखड्याचाच (त्या संपूर्ण क्षेत्राच्या नियोजनाचाच) भाग म्हणून करावा लागतो आणि त्याला वहनक्षमतेच्या अभ्यासाचा आधार द्यावा लागतो. किती माणसं ही जागा पेलू शकेल हे आधी मोजायचं, बांधकाम नंतर. नाथसागराच्या काठच्या ५०० मीटरला जे लागू आहे, ते वेरूळच्या डोंगराला किंवा तुळजापूरच्या घाटाला लागू नाही.