फुप्फुसाचा आकडा आणि चालण्याचे मीटर

सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचा, रुग्ण काही आठवडे पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम आणि मार्गदर्शन, करतो; आधी अर्ध्यात सोडावा लागणारा जिना आता न थांबता चढतो. पण त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी, पुन्हा केली तर आकडा बहुधा होता तिथेच असतो. फुप्फुसाचे झालेले नुकसान व्यायामाने भरून येत नाही. सुधारतात ते मांड्यांचे स्नायू, हालचालीचा सराव आणि दम लागेल या भीतीवरचा ताबा. ही सुधारणा मोजता येईपर्यंत ती झाली आहे हे डॉक्टरांना पटवणे अवघड होते.

जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचे आपले काम प्रसिद्ध केले. पुढची शंभरेक वर्षे फुप्फुसाचे मोजमाप म्हणजे नळीत मारलेली फुंकर. उपचारही त्याला साजेसे होते: दम लागतो ना, मग पडून राहा. पडून राहिल्याने स्नायू खंगत, मग थोड्या हालचालीनेही धाप लागे आणि माणूस आणखीच झोपून राही. अमेरिकेत १९५०च्या दशकात अल्वन बराक यांनी अशा रुग्णांना चालवावे असे सुचवले, तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये चार्ल्स फ्लेचर कोळसा खाणकामगारांचा अभ्यास करत होते. त्यांनी प्रश्न विचारले ते रोजच्या जगण्यातले. सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का? कपडे घालताना दम लागतो का? त्यांतून घडलेली, दम किती लागतो हे पायऱ्यांनी सांगणारी एमआरसी (ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल) श्रेणी आजही ओपीडीत वापरतात. माझ्या मते या विषयातले खरे वळण इथेच आले, कारण फुप्फुसाऐवजी माणसाची विचारपूस पहिल्यांदा इथे झाली.

चालण्याची चाचणी मात्र लष्करातून आली. केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या जवानांची बारा मिनिटांची धाव १९६८ मध्ये मांडली. एडिनबरात मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जुनाट ब्राँकायटिसच्या (श्वासनलिकांच्या दीर्घकाळच्या सुजेच्या) रुग्णांना तेवढीच मिनिटे चालायला लावले. आजारी माणसाला बारा मिनिटे फार होतात. बटलंड यांच्या गटाने १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटे ताडून पाहिली; सहा मिनिटांत जवळपास तेवढेच कळते, असे दिसले.

मग १९८४ मध्ये कॅनडातल्या गॉर्डन गायट यांनी एक साधी गोष्ट तपासली. चालणाऱ्याला मध्येमध्ये ‘छान चाललंय’ म्हटले तर तो किती जास्त चालतो? उत्तर आले सुमारे ३० मीटर. आज रुग्णाला जाणवणारा किमान फरकही साधारण ३० मीटरच धरतात. म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या नुसत्या उत्साहाने उपचाराइतका ‘फायदा’ कागदावर दिसू शकतो! म्हणूनच २००२ च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नियमांत दर मिनिटाला बोलायची वाक्येसुद्धा ठरलेली आहेत. सरावानेही अंतर वाढते. त्यामुळे २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी मानकांत चाचणी दोनदा घ्यायला सांगितली आहे. कोणी केव्हा काय बोलले याची नोंद नसेल, तर आधीच्या आणि नंतरच्या मीटरांची तुलना मी तरी मानत नाही.

वेग रुग्णाच्या मर्जीवर राहू नये म्हणून सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये शटल वॉक आणली: दहा मीटरची फेरी आणि दर मिनिटाला लवकर लवकर वाजत जाणारा बीप. या साऱ्या मोजपट्ट्यांमुळेच अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात रुग्णांवरचे ६५ तुलनात्मक अभ्यास एकत्र करता आले. रिहॅबिलिटेशन घेतलेले रुग्ण ते न घेतलेल्यांपेक्षा सहा मिनिटांत सरासरी ४४ मीटर जास्त चालत होते. पुराव्याचा प्रश्न तिथे मिटला.

आपल्याकडे अडचण जागेची आहे. नियमाप्रमाणे ३० मीटरचा मोकळा कॉरिडॉर लागतो. छोट्या दवाखान्यात तो कुठून आणायचा? म्हणून एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते हे मोजण्याची पद्धत रुळते आहे आणि ती उपयोगीही आहे. पण महाराष्ट्रात सीओपीडी झालेल्या कितीतरी बायका कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्या, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसलेल्या आहेत. त्यांची धाप निघते ती जमिनीवरून उठताना, हंडा उचलताना, वाकून झाडताना. खुर्चीच्या चाचणीत यातले काही येत नाही. रिहॅबिलिटेशनने अशा बाईला काय मिळाले हे सांगायचे, तर जमिनीवरून उठणे मोजणारी, नीट तपासून घेतलेली चाचणी मीटरांच्या जोडीला हवी.