‘कसा आहे पिक्चर?’ : भयपट आणि विज्ञानपटांच्या गुणांकनाची सीमाभागातील पार्श्वभूमी

एखादा नवा भयपट शुक्रवारी लागला की रविवारपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी तरुणांच्या मोबाइलवर त्याचे गुण फिरू लागतात. कोणी दहापैकी आठ देतो, कोणी अडीच तारे देतो, कोणी ‘वन टाइम वॉच’ एवढेच म्हणून मोकळा होतो, आणि त्या आकड्यांवरून पेटलेला वाद पुष्कळदा चित्रपट थिएटरमधून उतरल्यावरही चालू राहतो. हे आकडे कोठून आले, ते कसे काढले जातात आणि ते येण्यापूर्वी आपल्याकडचा प्रेक्षक या दोन प्रकारच्या चित्रपटांना कशावरून बरेवाईट ठरवत होता, हे माहीत असल्याशिवाय त्या वादाचा उलगडा होत नाही.

एकपडदा थिएटरच्या काळात गुण देण्याची जागा ठरलेली होती. तीनचा खेळ सुटायच्या वेळी सहाच्या खेळाची रांग फाटकाबाहेर उभी असे. आतले लोक डोळे चोळत बाहेर आले की रांगेतला कोणीतरी अनोळखी माणसालाच विचारी, ‘कसा आहे?’ उत्तर दोन शब्दांचे असे : ‘भारी आहे की’, नाहीतर ‘बंडल’. विचारणारा कन्नड बोलणारा असेल तर ‘छलो ऐती’ म्हटले की भागे; ‘भारी’ हा शब्द तर दोन्ही भाषांत चालत असल्यामुळे त्याला भाषांतराची गरजच पडत नसे. भुताचा पिक्चर असेल तर मात्र दुसरा प्रश्न हमखास येई, ‘भ्या वाटतंय काय?’ गोष्ट कशी आहे, कामे कोणी केली आहेत, हे त्या रांगेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. उत्तर देणाऱ्याला त्या उत्तरातून काहीही मिळवायचे नसे, आणि रांगेतल्या माणसाला त्याचा चेहराही दिसत असे. इतके सच्चे गुणांकन नंतर कोणत्याही यंत्रणेला साधलेले नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेत जवळजवळ हेच काम छापील कार्डावर सुरू झाले. १९७९ मध्ये एड मिंट्झ यांनी सुरू केलेल्या ‘सिनेमास्कोअर’ या संस्थेची माणसे चित्रपट लागल्याच्या पहिल्याच रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्डे भरून घेतात आणि त्यांवरून चित्रपटाला ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंतची श्रेणी देतात. या पद्धतीत भयपटांची श्रेणी साधारणपणे खालीच राहत आली आहे. समीक्षकांनी उचलून धरलेल्या ‘हेरेडिटरी’ला २०१८ मध्ये पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी ‘डी प्लस’ दिली. पहिल्या रात्री येणारा माणूस पोस्टर आणि जाहिरात पाहून विशिष्ट प्रकारच्या भीतीची अपेक्षा धरून आलेला असतो. ती भीती मिळाली नाही, किंवा अपेक्षेपेक्षा वेगळी आणि जास्त खोल मिळाली, की तो गुण कापतो. भयपटाची श्रेणी वाचताना तो चित्रपट कसा आहे यापेक्षा त्याने दिलेला शब्द पाळला का, हेच आधी नोंदले गेले आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

विज्ञानपटांच्या चाहत्यांचा इतिहास याहून जुना आहे आणि तो छापील कागदावर सुरू होतो. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत विज्ञानकथांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे छापताना त्यांचे पत्तेही छापले. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, कोणती कथा पटली आणि कोणती नाही यावर भांडू लागले, आणि त्यातूनच संघटित चाहतावर्ग उभा राहिला. त्यांच्याच नावाने १९५३ पासून दिले जाऊ लागलेले ह्यूगो पुरस्कार आजही जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासदांच्या मतांवर ठरतात. १९५८ मध्ये त्यांत चित्रपटांचा समावेश झाला आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५९ मध्ये, मतदारांनी नामांकने असूनही चित्रपटाचा पुरस्कार कोणालाच द्यायचा नाही असा कौल दिला. नामांकनांत ड्रॅक्युलावरचा एक गाजलेला भयपटही होता. आपल्या आवडीच्या प्रकाराबद्दल इतके कठोर होणारे चाहते मला आदरणीय वाटतात. भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपट यांना एकत्र स्थान देणारे सॅटर्न पुरस्कार १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अकादमीमार्फत पुढे सुरू झाले.

आपल्याकडेही या दोन्ही प्रकारांची चव आधी छापील पानावरच लागली. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ हे मासिक, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा, दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा हे सगळे बेळगावच्या वाचनालयांतून हातोहात फिरत असे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय असलेल्या या शहरात वाचकांची कमतरता कधीच नव्हती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिले बक्षीस मिळवणारे ‘नारायण विनायक जगताप’ म्हणजे प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. नारळीकरांचा जन्म शेजारच्या कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्याकडच्या शिक्षकांना ही हकिकत घरच्या माणसाची असल्यासारखी सांगता येई. या वाचनामुळे इथल्या मराठी प्रेक्षकाला एक सवय लागली : पडद्यावर काय दिसते याच्या आधी त्यामागचे कारण पटते का, हे तो पाहतो. धारपांच्या कथेत आलेले अमानवी अस्तित्वसुद्धा काही नियमांनी बांधलेले असते, आणि ते नियम एकदा अंगवळणी पडले की नियम नसलेला भुताचा चित्रपट वाचकाला पोकळ वाटतो.

चित्रपटांचा पुरवठा मात्र वेगळ्याच कारणांनी ठरत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. मराठी माणसाच्या जीवनावर त्याचे जे खोल परिणाम झाले त्यांची चर्चा इथे करणे शक्य नाही. पण थिएटरपुरते बोलायचे तर एकाच गावात कन्नड, हिंदी, मराठी आणि लष्करी छावणीमुळे इंग्रजी असे चार भाषांचे पडदे शेजारी शेजारी आले. मराठी चित्रपट कोल्हापूरला लागला की तो इकडे कधी येणार, आणि आला तर किती खेळ मिळणार, ही काळजी मात्र कायम राहिली.

हिंदीत ‘महल’ने १९४९ मध्ये झपाटलेल्या वाड्याची वाट दाखवली आणि १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’पासून रामसे बंधूंनी तिचा हमरस्ता केला. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मिळणारे ‘फक्त प्रौढांसाठी’चे ‘ए’ प्रमाणपत्र पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापले जाई, आणि शाळकरी मुलांच्या लेखी ते इशारा न राहता शिफारस होऊन बसे. ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मधला ‘यूए’ १९८३ मध्ये आला, तर २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग पडले. हे प्रमाणपत्र कोणी पाहावे एवढेच सांगते, कसे आहे ते सांगत नाही. तरीही भयपटांच्या बाबतीत प्रेक्षकाने त्याचा उपयोग पहिल्या गुणासारखाच केला आहे.

सीमाभागातला प्रेक्षक इतरांपेक्षा वेगळा ठरतो तो कन्नड भयपटांमुळे. १९७९ चा ‘ना निन्न बिडलारे’ इकडच्या मराठी घरांतही लोकांनी पाहिला. त्यातलेच नायक अनंत नाग यांना घेऊन तो १९८१ मध्ये हिंदीत ‘मंगलसूत्र’ नावाने आला, तेव्हा इथे तुलना आपोआपच झाली. पुढे १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रताळ्’वरून कन्नडमध्ये २००४ साली ‘आप्तमित्र’ आणि हिंदीत २००७ साली ‘भूलभुलैया’ निघाला. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला जे रहस्य ‘भूलभुलैया’च्या शेवटी उलगडले, ते बेळगावच्या माणसाला तीन वर्षे आधीच माहीत होते. त्यामुळे त्याने दिलेले गुण रहस्यासाठी नव्हते, ते सादरीकरणासाठी होते, आणि एकाच चित्रपटाच्या एकाच आकड्यात हे दोन्ही प्रेक्षक मिसळलेले आहेत. २०१८ च्या ‘स्त्री’मधली दारावर लिहिलेली विनवणीही मूळची कर्नाटकातली. ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे दारावर लिहिण्याची अफवा नव्वदच्या दशकात राज्यात पसरली होती. ज्याने ती लहानपणी ऐकली आहे त्याला त्या दृश्यात भीतीइतकीच ओळखीची खूण सापडते.

विज्ञानपटांची गोष्ट निराळी आहे. कन्नड चित्रपटसृष्टीने १९६०च्या दशकापासून डबिंगला विरोध केल्यामुळे परदेशी विज्ञानपट अनेक दशके कन्नडमध्ये आलेच नाहीत. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध आदेश दिल्यानंतर ती वाट हळूहळू खुली झाली. तोपर्यंत इकडच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही प्रेक्षकांनी डायनोसॉर आणि यंत्रमानव पाहिले ते इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी न कळणाऱ्या माणसालाही विज्ञानपटाविषयी मत देण्याचा अधिकार मिळाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच सुमारास बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत आम्ही पाच-सहा मुले वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणत असू. एकाने दोनशे पानी वही घातली. तिच्यात उभ्या रेघा मारून चार रकाने पाडलेले होते : भीती, गोष्ट, आवाज, शेवट. प्रत्येकाला दहापैकी गुण. विज्ञानपट असेल तर ‘भीती’ खोडून वर ‘पटतंय का’ असे लिहायचे. ‘जुरासिक पार्क’ कोणत्या पानावर घ्यायचा यावर रात्री दोन वाजता जे भांडण झाले, त्याचा निकाल असा लागला की त्याच्यासाठी पाचवा रकाना आखण्यात आला. चारही रकान्यांची बेरीज करून एकच आकडा काढावा असे आम्हांला कधी सुचले नाही. आज मागे वळून पाहताना मला तो त्या वहीचा मोठा गुण वाटतो, कारण भीतीला नऊ आणि गोष्टीला तीन मिळवणारा चित्रपट ‘सहा’ मिळवणाऱ्या चित्रपटापेक्षा अगदी वेगळा असतो.

पुढे जगभर रूढ झाला तो नेमका एकच आकडा. १९९० मध्ये इंग्लंडमधील कॉल नीडहॅम आणि त्यांच्यासारख्या हौशी चित्रपटप्रेमींनी जमवलेल्या याद्यांतून आयएमडीबी ही चित्रपटांच्या माहितीची वेबसाइट उभी राहिली आणि १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. तिथले दहापैकी गुण ही सरळ सरासरी नसते, ती भारित असते, म्हणजे सगळ्या मतांना सारखेच वजन मिळत नाही. सर्वोत्तम अडीचशेच्या यादीसाठी तर किमान पंचवीस हजार मतांची अट आहे, आणि मते कमी असतील तितका चित्रपटाचा आकडा सर्व चित्रपटांच्या सर्वसाधारण सरासरीकडे ओढला जातो. समीक्षणे एकत्र करणाऱ्या, १९९८ च्याच ‘रॉटन टोमॅटोज’ या वेबसाइटची टक्केवारी याहून वेगळी. किती समीक्षकांना चित्रपट बरा वाटला एवढेच ती सांगते. सगळ्यांना तो जेमतेम बरा वाटला तरी शंभर टक्के पडतात, आणि निम्म्यांना अप्रतिम व निम्म्यांना टाकाऊ वाटला तर पन्नास. लोकांत फूट पाडणाऱ्या भयपटावर ही पद्धत अन्यायच करते. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या लेटरबॉक्स्ड या वेबसाइटने अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची पट्टी आणि सोबत स्वतःच्या पाहण्याची रोजनिशी ठेवण्याची सोय दिली. आमच्या वहीच्या जवळ जाणारी तीच.

मराठी चित्रपटांना या आकड्यांचा खरा फटका बसतो तो मतांच्या तुटपुंज्या संख्येमुळे. एखाद्या चित्रपटाला चाळीस प्रेक्षकांनी सरासरी सहा गुण दिले आणि कलावंतांच्या ओळखीच्या वीस जणांनी प्रत्येकी दहा दिले, तर सरासरी एकदम ७.३ वर जाते. उलट वीस जणांनी ठरवून एक-एक दिला तर ती ४.३ वर कोसळते. त्यामुळे ‘लपाछपी’सारख्या २०१७ च्या मराठी भयपटाची किंमत आकड्यावरून ठरवण्यापेक्षा, विशाल फुरिया यांनीच तो २०२१ मध्ये ‘छोरी’ नावाने पुन्हा हिंदीत केला, या वस्तुस्थितीवरून ठरवणे मला जास्त योग्य वाटते.

या दोन प्रकारांत काळही गुण बदलतो. २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत माणसाचे रूप घेणाऱ्या परग्रहावरच्या जीवाचा ‘द थिंग’ आणि ‘ब्लेड रनर’ हा विज्ञानपट एकाच दिवशी लागले. दोन्हींना थंडा प्रतिसाद मिळाला, ‘द थिंग’वर तर समीक्षकांनी सडकून टीका केली, आणि आज दोन्ही चाहत्यांच्या याद्यांत फार वर आहेत. आपल्याकडे धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला, राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये थिएटरांतून लवकर उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत त्याची शिफारस घरी मोबाइलवर पाहणाऱ्यांनी एकमेकांना केली होती.

आमची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात ‘द थिंग’ची नोंद पेन्सिलीने केलेली आहे : भीती ९, गोष्ट ४, आवाज ८, शेवट २. शेवटच्या रकान्यापुढे कोणीतरी बारीक अक्षरांत लिहिले आहे, ‘माणूस कोण आणि ते कोण, कळलंच नाही.’ त्याच ओळीत, वहीच्या अगदी कडेला, बऱ्याच वर्षांनी माझ्याच अक्षरात निळ्या शाईने लिहिलेला ‘शेवट’ या रकान्याचा नवा आकडा आहे : ९. पेन्सिलीतला दोन मी खोडलेला नाही.