नाव सिद्धार्थ, बुद्ध मात्र वेगळे

जर्मन लेखक हर्मन हेसेची ‘सिद्धार्थ’ ही छोटेखानी कादंबरी. आमच्या पूर्व विदर्भातल्या गावांत ती वाचली गेली की दोन तट पडतात, एक चिडणाऱ्यांचा, दुसरा ती भावलेल्यांचा. निम्मी चीड नावामुळेच. हातात घेणाऱ्याला वाटतं, ही बुद्धाची कथा. पण नायक एका ब्राह्मणाचा मुलगा आणि गौतम बुद्ध त्यात वेगळे. जेतवनात तो त्यांचा उपदेश ऐकतो, त्यांना मानतो आणि निघून जातो. संघात राहतो तो त्याचा मित्र गोविंद.

पुस्तक १९२२ सालचं, जर्मन. हेसेचे आजोबा हर्मन गुंडर्ट केरळात मिशनरी होते, मल्याळम कोश त्यांनी रचला. भारत हेसेला असा घरातूनच मिळाला. १९११ साली तो स्वतः निघाला, पण सिलोन-सुमात्रा करून परतला. पहिल्या महायुद्धात होरपळलेल्या तिथल्या वाचकाला झेंडा नको होता, गुरू नको होता. एकट्यानं चालायची वाट हवी होती.

आपल्याकडचा बुद्ध एकट्याचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चांद्याला (चंद्रपूर) लोकांनी लाखांनी दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञा म्हटल्या. तेव्हापासूनच्या घरांत ‘उपदेश ऐकला नि निघून गेला’ हे वाक्य टोचणारच.

त्यात वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून घर सोडल्याची गोष्ट बाबासाहेबांनी त्यात नाकारली. त्यांनी सांगितलेलं कारण वेगळं: शाक्य आणि शेजारच्या कोलियांचं भांडण रोहिणी नदीच्या पाण्यावरून, शेतीच्या पाण्यावरून. सिद्धार्थ गौतमानं युद्धाला विरोध केला आणि परिव्रज्या, म्हणजे गृहत्याग, पत्करली. हेसेचीही कथा नदीकाठीच संपते, पण तिथं नदीतून ओम् ऐकू येतो. ज्याच्या कानात रोहिणीचं भांडण आहे, त्याला तो ओम् कसा पटावा?

तरी मला ती भावलेल्यांचा दुसरा तटही खोटा वाटत नाही. या कथेत शेवटी शहाणा ठरतो तो वासुदेव नावाडी. ना ब्राह्मण, ना भिक्खू. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. खाली वैनगंगेत डोंगा घालणाऱ्या ढिवराला आपण आजवर एकच विचारत आलो, मासोळी गावली का.