लॉगिन करताच सर्व्हर पडतो: ओओएम किल की सेगफॉल्ट?

सकाळी ऑफिस भरतं, सगळे एकदम लॉगिन करतात आणि सर्व्हर पडतो. दुसरीकडे दिवसभर सगळं सुरळीत चालतं, पण एका ठरावीक युजरने लॉगिन केलं की सर्व्हर तत्क्षणी पडतो. ब्राउझरमध्ये दोन्ही वेळा ५०२ ही एररच दिसते, म्हणून दोन्हींना 'क्रॅश' म्हणून रीस्टार्ट मारला जातो. पण पहिल्या प्रकारात, म्हणजे ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलमध्ये, प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, बाहेरून मारलेलं असतं. दुसऱ्यात, म्हणजे सेगफॉल्टमध्ये, ती स्वतःच्याच कोडमधल्या चुकीने मरते, आणि तिथे रॅम वाढवून काहीच फरक पडत नाही.

मेमरी संपली की लिनक्स कर्नलचा ओओएम किलर प्रत्येक प्रोसेसला गुण देतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेलीला सिगकिल, म्हणजे ९ नंबरचा सिग्नल, पाठवतो. त्यामुळे मेलेली प्रोसेसच दोषी असेल असं नाही. मेमरी अ‍ॅपने खाल्लेली असते आणि जातो मायएसक्यूएल डेटाबेस.

लॉगिनलाच हे का व्हावं? बऱ्याचदा कारण पासवर्ड हॅशिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड उलट फिरवता न येणाऱ्या रूपात बदलण्यात, असतं. अर्गॉन२ ही हॅशिंगची पद्धत मुद्दामच मेमरी खाते, म्हणजे चोरलेल्या हॅशवरून पासवर्ड ओळखणं महाग पडतं. आरएफसी ९१०६ या अर्गॉन२च्या दस्तऐवजातल्या कमी मेमरीच्या पर्यायातसुद्धा एका हॅशला ६४ एमबी लागतात. ५० जणांचे पासवर्ड एकाच वेळी तपासले जात असतील, तर नुसत्या हॅशिंगला ३,२०० एमबी गेले. ४ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) डेटाबेसला मग उरतं काय? अशा वेळी हॅशिंग कमजोर करायचा मोह होतो, तो टाळाच. एका वेळी किती हॅश चालतील यावर मर्यादा घाला, बाकीचे रांगेत थांबू द्या. लॉगिनला दोन सेकंद जास्त लागले तर कुणाचं काही बिघडत नाही.

सेगफॉल्टला गर्दी लागत नाही. आपल्या हक्काची नसलेली मेमरी प्रोसेस वाचायला जाते आणि ११ नंबरचा सिग्नल, सिगसेग्व्ह, खाऊन मरते. समजा, एलडॅपमधल्या (युजरची माहिती ठेवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) एका युजरचा ईमेल रिकामा आहे आणि सी मध्ये लिहिलेलं मॉड्यूल तो असणारच असं गृहीत धरतं. तो युजर येईल तेव्हा प्रोसेस पडणार, मध्यरात्री एकटा आला तरी.

ओळखायचं कसं? 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' या कमांडमध्ये सिग्नल किल आहे की सेग्व्ह ते बघा. कंटेनर असेल तर एक्झिट कोड बघा: १२८ अधिक ९ म्हणजे १३७, १२८ अधिक ११ म्हणजे १३९. मात्र १३७ दिसला की लगेच मेमरीवर खापर फोडू नका. 'डॉकर स्टॉप'ला कंटेनरने वेळेत दाद दिली नाही, तरी तोच आकडा येतो. खात्री कर्नलच्या लॉगमध्ये होते. तो दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ असेल तर ओओएम. सेगफॉल्टच्या ओळीत पत्ता आणि बहुधा शेवटी लायब्ररीचं नावही असतं. पत्ता शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असेल, तर नल पॉइंटरचा, म्हणजे कुठल्याच जागेकडे न दाखवणारा पत्ता वापरल्याचा, संशय घ्या.

सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीत 'रीस्टार्ट=ऑलवेज' लावलेलं असेल तर सर्व्हर लगेच उठून बसतो आणि कुणी लॉग बघतच नाही. निदान कोअर डंप (मरताना प्रोसेसच्या मेमरीची लिहिलेली प्रत) तरी चालू ठेवा. ओओएममध्ये तो मिळणार नाही, कारण सिगकिल डंप लिहायला सवडच देत नाही. सेगफॉल्टमध्ये मात्र 'कोअरडंपसीटीएल'ने तो जीडीबी या डीबगरमध्ये उघडला आणि 'बीटी' (बॅकट्रेस) ही कमांड दिली, की कुठल्या फंक्शनमध्ये प्रोसेस पडली ते समोर येतं.